सीमाभागातील मराठी माध्यमाच्या मुलांचा ऑनलाईन अभ्यासगट : कसा उभारायचा आणि कसा टिकवायचा?

पिरनवाडी : दहावीच्या विज्ञानाचा एखादा धडा मोबाईलवर शोधून बघा. मराठीतले व्हिडिओ ढिगाने सापडतात, पण ते महाराष्ट्र बोर्डाचे, बालभारतीच्या पुस्तकावरचे. कर्नाटकच्या पुस्तकावरचे शोधले तर तेही मिळतात, पण बहुतेक कन्नड नाहीतर इंग्रजीत. पिरनवाडी, मच्छे, खादरवाडी, येळ्ळूर, इकडे खानापूर आणि तिकडे निपाणी, सगळीकडची मराठी माध्यमाची मुलं कर्नाटकचा अभ्यासक्रम मराठीतून शिकतात. त्यांच्या कामाचं नेमकं साहित्य शोधत बसावं लागतं.

ही अडचण सगळ्यात उघडी पडली ती २०२० साली. शाळा बंद होत्या. दूरदर्शनच्या चंदन वाहिनीवर कर्नाटक सरकारने हायस्कूलच्या मुलांसाठी 'सेतुबंध' कार्यक्रम सुरू केला. अभ्यासक्रम आपला, भाषा मुख्यतः कन्नड. त्याच पावसाळ्यात सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी एमकेसीएलची 'टिलीमिली' मालिका सुरू झाली. भाषा आपली, पण पुस्तक बालभारतीचं. रिमोट हातात धरून पालक दोन्ही चॅनेल फिरवत होते आणि पोरांना दोन्हीकडचं अर्धं-अर्धं मिळत होतं.

याच काळात केरळने काय केलं ते बघण्यासारखं आहे. तिथे १ जून २०२० पासून 'काईट व्हिक्टर्स' वाहिनीवर 'फर्स्ट बेल' हे वर्ग सुरू झाले. मुख्य वर्ग मल्याळममधून होतेच. शिवाय भाषिक अल्पसंख्याक मुलांसाठी तमिळ आणि कन्नड माध्यमाचे धडेही वेगळे तयार झाले. म्हणजे कासरगोडच्या कन्नड माध्यमाच्या मुलाला केरळचाच अभ्यासक्रम कन्नडमधून मिळाला. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याची सूचना राज्यघटनेच्या कलम ३५०-क मध्ये १९५६ पासून आहे. ऑनलाईनच्या जमान्यात तिचा अर्थ काय व्हायला पाहिजे, हे केरळने दाखवलं.

आपल्याकडे वरून असं काही येईपर्यंत गावातल्या गावात, दोन-चार हायस्कुलांनी मिळून काय करता येईल, हा या लेखाचा विषय. त्यासाठी स्टुडिओ लागत नाही आणि ॲपही विकत घ्यावं लागत नाही.

ग्रुप असतोच, अभ्यासगट नसतो

प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आज आहे. त्यावर सुट्टीची सूचना येते, गृहपाठाचा फोटो येतो, वाढदिवसाचे केक येतात, कोणाच्या तरी काकांचा सुप्रभात येतो. याला सूचनाफलक म्हणता येईल. अभ्यासगटात मुलं एकमेकांना प्रश्न विचारतात, उत्तर चुकलं तर दुसरा मुलगा सांगतो, आणि मास्तर मध्येच येऊन गाडी रुळावर आणतात.

या विषयावर जगभर बरंच काम झालं आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या तिघांनी २००० साली एक मांडणी केली, ती आजही वापरली जाते. ऑनलाईन वर्ग चालायचा तर तीन गोष्टी जाणवल्या पाहिजेत, असं ते म्हणतात. पलीकडे खरी माणसं आहेत, ती आपल्याला ओळखतात, ही पहिली. विषयावर खरंच डोकं चालतं आहे, ही दुसरी. आणि शिकवणारा जागेवर आहे, ही तिसरी. आपल्या वर्गाच्या ग्रुपवर बहुतेक वेळा मास्तर असतात ते फक्त सूचना टाकायला. बाकीच्या दोन गोष्टींचा पत्ता नसतो.

मुलांच्या हातात मोबाईल नाही, ही सबब आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. 'प्रथम' संस्थेच्या असर २०२४ अहवालानुसार ग्रामीण भारतात १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरलेली मुलं ५७ टक्के, सोशल मीडियासाठी वापरलेली ७६ टक्के. म्हणजे फोन घरात आहे, पोरांना येतोही. अभ्यासाकडे वळवायचं काम बाकी आहे.

परितेवाडीचा धडा

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी हे छोटं गाव. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी ग्लोबल टीचर प्राईझ जाहीर झालं. दहा लाख डॉलरचा पुरस्कार. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून दिली, ही बातमी तेव्हा सगळीकडे गाजली. क्यूआर कोडच्या पुस्तकांबद्दलही भरपूर लिहून आलं.

आपल्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाच्या दोन गोष्टी मात्र बातम्यांत मागे पडल्या. पहिली भाषेची. पुरस्कार देणाऱ्या वर्की फाउंडेशनने दिलेल्या माहितीनुसार तिथल्या मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तकं त्या भाषेत नव्हती. डिसले यांनी कन्नड शिकून घेतली, मजकूर मुलींच्या भाषेत आणला आणि त्याला क्यूआर कोड जोडले. कोड मोबाईलने स्कॅन केला की कविता, व्हिडिओ, प्रश्न उघडायचे. आपल्याकडच्या चित्राची ही उलटी बाजू. तिथे महाराष्ट्रात कन्नड बोलणारी पोरं, इथे कर्नाटकात मराठी बोलणारी.

दुसरी गोष्ट त्यांच्या 'लेट्स क्रॉस द बॉर्डर्स' या उपक्रमाची. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन, इराण-इराक, अमेरिका-उत्तर कोरिया अशा एकमेकांशी पटत नसलेल्या देशांतल्या मुलांची ऑनलाईन जोडी लावायची. मुदत सहा आठवडे. जोडीतल्या मुलांनी मिळून सादरीकरण तयार करायचं, पाहुण्यांची भाषणं एकत्र ऐकायची, आपल्यात सारखं काय आहे ते शोधायचं. आठ देशांतले १९ हजार विद्यार्थी यात आल्याचं पुरस्काराच्या वेळी सांगण्यात आलं.

यातली उचलण्यासारखी युक्ती साधी आहे: ठरावीक मुदत, ठरावीक जोडीदार, आणि दोघांनी मिळून करायची एक वस्तू. नुसतं 'ग्रुपवर बोला' म्हटलं की कोणी बोलत नाही. युरोपात २००५ पासून चाललेला 'ई-ट्विनिंग' हा शाळाजोडणीचा उपक्रमही याच पायावर उभा आहे. दोन देशांतल्या दोन वर्गांनी एक काम हाती घ्यायचं आणि ते पूर्ण करायचं.

एका फोनवर चार पोरं

घरात एकच फोन, तो वडील सकाळी उद्यमबागेत कामाला जाताना घेऊन जातात. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला गेलं की रेंजचाही भरवसा नाही. अशा ठिकाणी प्रत्येक मुलाने वेगळं ऑनलाईन यावं अशी योजना केली तर ती पहिल्याच आठवड्यात गारद होते.

यावर दुसरा मराठी मुलखातलाच दाखला आहे. सुगत मित्रा यांना २०१३ साली टेड पारितोषिक मिळालं आणि त्यातून 'स्कूल इन द क्लाऊड' या नावाने सात प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, पाच भारतात आणि दोन इंग्लंडमध्ये. पाचांपैकी एक सातारा जिल्ह्यात फलटणला, मॅक्सीन बर्नसन यांनी सुरू केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेच्या आवारात. पद्धत अशी, की चार-पाच मुलांनी एका कॉम्प्युटरभोवती बसायचं. त्यांना एकच मोठा प्रश्न द्यायचा, ज्याचं उत्तर पुस्तकात एका ओळीत सापडत नाही. मुलांनी शोधायचं, भांडायचं, दुसऱ्या गटात डोकावायचं आणि शेवटी सगळ्यांसमोर सांगायचं. त्याच्या जोडीला 'ग्रॅनी क्लाऊड' होता, म्हणजे दूर कुठेतरी बसलेली मोठी माणसं स्काईपवरून मुलांशी गप्पा मारायची, गोष्ट वाचायची, शाबासकी द्यायची.

मित्रांच्या आधीच्या भिंतीतल्या कॉम्प्युटरच्या प्रयोगावर टीकाही झाली. मोठं माणूस जवळ नसलं की दांडगी पोरं पुढे आणि बाकीची मागे राहतात, अशी. ती टीका खरीच मानून चालावं. पण एका यंत्राभोवती चार डोकी, ही कल्पना आपल्या गल्लीला अगदी बरोबर बसते. एकाच गल्लीतली चार-पाच मुलं संध्याकाळी एका घरी जमतात, एक फोन मध्ये ठेवतात, आणि त्या तुकडीचं मिळून एक उत्तर ग्रुपवर जातं.

कर्नाटक सरकारच्या 'विद्यागम' योजनेची दिशाही हीच होती. ऑगस्ट २०२० मध्ये ती सुरू झाली तेव्हा मुलांची स्मार्टफोन असलेली, साधा फोन असलेली आणि काहीच नसलेली अशी वर्गवारी केली होती, आणि शिक्षक देवळाच्या ओसरीवर, समाजमंदिरात, झाडाखाली जाऊन शिकवत होते. कोरोना पसरू लागल्याने ऑक्टोबरमध्ये ती थांबवावी लागली. जानेवारी २०२१ मध्ये शाळेच्या आवारात पुन्हा सुरू झाली. नंतर शाळा उघडल्या आणि ती वर्गवारीची पद्धतही विसरली गेली. वास्तविक ऑनलाईन गट सुरू करताना पहिलं काम तेच आहे: वहीचं एक पान घ्यायचं आणि कोणाकडे फोन आहे, कधी घरी असतो, रेंज कुठे येते, हे प्रत्येक मुलाच्या नावापुढे लिहून काढायचं.

मास्तरांच्या वेळेचा हिशेब

बहुतेक गट बंद पडतात ते मास्तर दमल्यामुळे. कॉमर्सवाल्याला सुचतो तो हिशेब असा : वर्गात ३० मुलं आहेत, प्रत्येकाने आठवड्यातून एकदा दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला, तर नुसतं ऐकायलाच एक तास. उत्तर देणं वेगळं. जनगणना, निवडणूक, दुपारचं जेवण, ऑनलाईन माहिती भरणं या सगळ्यात हा तास कुठून काढायचा? तेच सहा-सहा मुलांच्या पाच तुकड्या केल्या आणि तुकडीमागे एकच उत्तर मागितलं, तर दहा मिनिटांत काम होतं. उरलेल्या वेळात प्रत्येक तुकडीला नाव घेऊन दोन वाक्यं बोलता येतात. नाव घेऊन बोलणं फार महत्त्वाचं. 'छान, सर्वांनी प्रयत्न केला' या मेसेजने कोणाला काही वाटत नाही. 'दुसऱ्या तुकडीने आकृती बरोबर काढली, पण किरणाची दिशा उलटी झाली, पहिल्या तुकडीने त्यांना समजावून सांगा' म्हटलं की दोन तुकड्या लगेच कामाला लागतात.

आठवड्याचा क्रम ठरलेला असावा. उदाहरणार्थ सोमवारी संध्याकाळी प्रश्न, गुरुवारपर्यंत तुकड्यांची उत्तरं, शुक्रवारी एका तुकडीने दुसरीचं उत्तर तपासणं, शनिवारी मास्तरांचा पाच मिनिटांचा ऑडिओ. रविवारी ग्रुप बंद. व्हॉट्सॲपमध्ये 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' ही सोय आहे. ती रात्री नऊनंतर आणि रविवारी चालू ठेवली की निम्मा त्रास कमी होतो.

प्रश्न कसा असावा? 'प्रकाशाचे परावर्तन म्हणजे काय' असा विचारला तर गाईडमधलं उत्तर सहा वेळा येईल. 'एसटीच्या ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशात मागची गाडी लहान का दिसते, आणि न्हाव्याच्या दुकानात का नाही' असा विचारला तर मुलं आधी आरसा शोधायला जातात. गणितात वडिलांच्या दुधाच्या डेअरीची चिठ्ठी, बचत गटाचं पासबुक, समाजशास्त्रात आपल्या पट्टण पंचायतीचा फलक. हे साहित्य कुठल्याच बोर्डाचं नाही, त्यामुळे दोन अभ्यासक्रमांचा घोळही आड येत नाही.

तयार साहित्याचं म्हणाल तर कर्नाटकात हायस्कूलची गणित-विज्ञानाची पुस्तकं एनसीईआरटीवर आधारलेली आहेत. त्यामुळे २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा या सरकारी संकेतस्थळावरचं एनसीईआरटीचं बरंच साहित्य चालतं, मराठी शब्द मात्र मास्तरांनी पुरवावे लागतात. बालभारतीची पुस्तकंही पीडीएफमध्ये फुकट मिळतात. धडा तोच नसला तरी संकल्पना तीच असते. गटातल्या दोन मुलांना 'आपल्या पुस्तकातला हा धडा, त्यांच्या पुस्तकातला तो धडा' असा तक्ता करायला लावला तर तो पुढच्या वर्षीच्या मुलांनाही उपयोगी पडतो. वर्षभरातली चांगली उत्तरं, आकृत्या, ऑडिओ एका ठिकाणी साठवून ठेवले की दोन-तीन वर्षांत कर्नाटकच्या पुस्तकाचा मराठी खजिना गावातच तयार होईल.

कन्नडच्या पेपरासाठी पलीकडचा जोडीदार

आपल्या मुलांची खरी धास्ती कन्नडची असते. एसएसएलसीत बाकीचे विषय मराठीतून लिहिता येतात, पण कन्नडचा पेपर कन्नडमध्येच. कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने शाळेत कन्नड शिकणं सक्तीचं आहे. सक्तीबद्दल ज्याची जी मतं असतील ती असोत; मार्चमध्ये पेपर मुलालाच लिहायचा असतो. पुढे पीयूसी, आयटीआय, बँक, बस, कोर्ट, सगळीकडे ती लागतेच.

आता सीमेपलीकडे बघा. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जत या तालुक्यांत कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. त्यांची पुस्तकं बालभारतीच कन्नडमधून छापते. महाराष्ट्राने २०२० साली कायदा करून सगळ्या शाळांत मराठी सक्तीची केली, त्यामुळे तिथल्या कन्नड मुलाला मराठीची तीच धास्ती आहे जी इथल्या मराठी मुलाला कन्नडची. दोघांची जोडी लावायला काय हरकत आहे? हा उपक्रम एखाद्या मुख्याध्यापकाने मनावर घेतला तर सरकारी आदेशाची वाट बघावी लागणार नाही. दोन शाळांचं पत्र पुरे.

सहा आठवड्यांचा आराखडा असा करता येईल. पहिल्या आठवड्यात ओळख : गावाचं नाव, बाजाराचा दिवस, घरात कोण कोण. दुसऱ्यात शब्द. इथे मजा येते, कारण अर्धे शब्द दोघांचे सारखेच निघतात. अण्णा, अक्का, तूप आणि तुप्प, अडकित्ता आणि अडकत्तरी, खिडकी आणि किटकी. मराठीत ताई म्हणजे मोठी बहीण आणि कन्नडमध्ये तायि म्हणजे आई, हे कळल्यावर मुलं हसून हसून लोळतात, आणि शब्द पाठ करावा लागत नाही. तिसऱ्या आठवड्यात इथल्या मुलाने बसवरच्या कन्नड पाट्या वाचून आवाज पाठवायचा, जोडीदाराने दुरुस्त करायचं. तिथल्याने मराठी पाट्यांचं तेच. चौथ्या-पाचव्यात आजीकडून ऐकलेली एक गोष्ट दोन्ही भाषांत. सहाव्यात दोन्ही वर्गांसमोर सादरीकरण.

वेळ मात्र जमवून घ्यावी लागते. आपल्या शाळा साधारण जूनच्या सुरुवातीला उघडतात, महाराष्ट्रातल्या पंधरा जूनच्या सुमारास. आपली मोठी सुट्टी दसऱ्याला, त्यांची दिवाळीला. मध्ये गणपती. हे सगळं बघता जुलैचा पहिला आठवडा ते ऑगस्टचा मध्य, एवढाच सलग सहा आठवड्यांचा पट्टा दोघांना सोयीचा आहे. म्हणजे शिक्षकांची बोलणी मे महिन्यातच व्हायला हवीत.

मुलींचे नंबर, फोटो आणि घरच्यांची काळजी

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. त्यामुळे बरेच पालक मुलींना ग्रुपवर येऊ देत नाहीत, आणि त्यांची काळजी वाजवी आहे. उपाय आहेत. गट पालकांच्या नंबरवर करायचा. किंवा गुगल क्लासरूमसारखं साधन घ्यायचं, तिथे नंबरचा प्रश्नच येत नाही. व्हॉट्सॲपमध्ये २०२२ पासून 'कम्युनिटी' हा प्रकार आहे. त्याच्या घोषणा विभागात सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, पण त्यातल्या छोट्या ग्रुपमध्ये ते दिसतात, हे लक्षात ठेवावं. म्हणून मुलींच्या तुकड्या वेगळ्या ठेवून ॲडमिन शिक्षिकेला करणं बरं. पलीकडच्या शाळेशी जोडी लावताना नंबर मुलांचे द्यायचे नाहीत. सगळं दोन्ही शिक्षकांच्या फोनवरून जायचं. थोडं हळू चालेल, पण चालेल.

व्हॉट्सॲपसाठी किमान वय १३ आहे. सातवीपर्यंतच्या वर्गात पालकाचाच फोन आणि पालकाचाच ग्रुप असावा. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. शाळेने वर्षाच्या सुरुवातीला पालकांची लेखी सही घ्यावी : कोणता गट, कोण ॲडमिन, काय पाठवलं जाईल, आणि मुलांचे फोटो बाहेर टाकले जाणार नाहीत, असं साध्या मराठीत लिहून. असरच्या त्याच अहवालात सोशल मीडिया वापरणाऱ्या मुलांपैकी ६२ टक्क्यांनाच एखाद्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं ते माहीत होतं. पहिला तास याच गोष्टीला द्यावा, धडा नंतर.

ग्रुपचे नियम चारच पुरेत. अभ्यासाशिवाय काही नाही, म्हणजे राजकारण, जात, धर्म, सीमाप्रश्न, सिनेमा, क्रिकेट आणि सुप्रभात हे सगळं बाहेर. चुकलेल्या उत्तरावर हसायचं नाही. कोणाचा ऑडिओ किंवा फोटो दुसरीकडे पाठवायचा नाही. आणि मास्तरांना रात्री नऊनंतर फोन नाही. परीक्षेच्या दिवसांत 'पेपर फुटला, पैसे पाठवा' म्हणणारे चॅनेल फिरतात. त्यांची लिंक ग्रुपवर आली की ॲडमिनने लगेच काढून टाकावी. पैशाची फसवणूक झाली तर १९३० वर तक्रार करता येते. मुलाला कोणी त्रास देत असेल, धमकावत असेल तर १०९८ हा चाईल्डलाईनचा नंबर आहे, तो फुकट आहे आणि मुलाला स्वतःलाही लावता येतो.